दोन विमानतळांमधील अंतर व प्रवासकाल : एक अर्थविचार

मुंबईहून लंडन किती दूर आहे, या साध्या प्रश्नाला आज दोन उत्तरे मिळतात. कोणी 'सुमारे सात हजार दोनशे किलोमीटर' असे सांगतो, तर कोणी 'नऊ-दहा तासांवर' असे सांगतो. विचारणाऱ्याचे समाधान दोन्ही उत्तरांनी होते. इतकेच नव्हे, तर ही एकाच वस्तूची दोन मापे आहेत, शेर आणि किलो यांप्रमाणे एकाचे रूपांतर दुसऱ्यात सहज करता येईल, असे तो गृहीत धरून चालतो. विमानतळांमधील अंतरांचे व वेळांचे जे तक्ते सर्वत्र छापलेले आढळतात त्यांची मांडणीही हाच समज दृढ करणारी असते. एका रकान्यात अंतर, शेजारच्या रकान्यात वेळ. जणू दुसरा रकाना पहिल्यावरून आपोआप निघतो. वस्तुस्थिती तशी नाही. पहिले उत्तर भूमितीचे आहे, दुसरे वेळापत्रकाचे आहे, आणि या दोहोंच्या मध्ये आणखी निदान तीन राशी आहेत ज्यांना व्यवहारातील भाषेत स्वतंत्र नावे नाहीत. नाव नसलेली राशी सहसा लक्षात येत नाही. ती लक्षात न आल्यामुळे काय घडू शकते याचे एक दारुण उदाहरण पुढे येईल.

प्रथम भाषेकडे पाहिले पाहिजे, कारण वेळेने अंतर सांगण्याची रीत विमानाने आणलेली नाही. उलट, लांबीची मोठी मापे मुळात प्रवासातून किंवा मानवी कृतीतून निर्माण झालेली दिसतात. 'कोस' हा शब्द संस्कृत 'क्रोश' यापासून आला व 'क्रोश' हा 'क्रुश्' म्हणजे ओरडणे या धातूपासून. हाक जेथवर ऐकू जाते तेथवरचे अंतर तो क्रोश. मराठीतील 'हाकेच्या अंतरावर' हा वाक्प्रचार त्या जुन्याच कल्पनेचा नवा अवतार होय, फक्त तो आता कोसाहून पुष्कळ आखूड झाला आहे. 'योजन' हा शब्द 'युज्' म्हणजे जुंपणे यापासून आला. एकदा जुंपलेली जनावरे न सोडता जितके जावे तितके योजन. 'मजल' हा अरबी 'मंझिल' याचा मराठी अवतार, आणि मंझिल म्हणजे उतरण्याचे ठिकाण. दिवसभर चालून जेथे मुक्काम पडतो तेथवरची वाट ती एक मजल. इंग्रजीतील 'जर्नी' हा शब्दही मूळचा 'एका दिवसाचा' या अर्थाचाच आहे. आधी चालणे, ओरडणे, जुंपणे. मग त्यांवरून लांबी. आणि कालांतराने ती लांबी त्या कृतीपासून सुटून स्वतंत्र माप म्हणून उभी राहते, असा हा क्रम आहे. कोस प्रांतोप्रांती निराळा असे, याचे कारण केवळ अज्ञान नव्हे. त्या मापाची नाळ पूर्णपणे तुटलेली नव्हती, हेही आहे.

मराठी व्याकरणात या जुन्या नात्याची एक स्पष्ट खूण शिल्लक आहे. 'गाव दोन कोसांवर आहे', 'गाव दोन दिवसांवर आहे' आणि 'लग्न दोन दिवसांवर आले' या तीन वाक्यांत '-वर' हे एकच शब्दयोगी अव्यय तीन वेगळी कामे करते. पहिल्या वाक्यात स्थळाचे अंतर स्थळाच्या मापाने दिले आहे, तिसऱ्यात काळाचे अंतर काळाच्या मापाने. मधल्या वाक्यात मात्र स्थळाचे अंतर काळाच्या मापाने दिले आहे, आणि ते शक्य व्हावे म्हणून वाक्यातून काही गोष्टी गाळल्या आहेत: कोण जाणार, कशाने जाणार आणि कोणत्या बाजूने जाणार. बोलणारा व ऐकणारा एकाच गावचे असतील तर या गाळलेल्या गोष्टी दोघांनाही ठाऊक असतात व अडचण येत नाही.

यांपैकी 'कोणत्या बाजूने' ही गाळणूक सर्वांत महत्त्वाची आहे. कोसाचे अंतर सममित असते. हे गाव त्या गावाहून दोन कोसांवर असेल तर ते गावही या गावाहून दोन कोसांवरच असणार. वेळेचे अंतर सममित असेलच असे नाही. घाटमाथ्यावरून तळचे गाव दोन तासांवर असते आणि तळच्या गावातून घाटमाथा तीन तासांवर असतो. यात कोणालाही विरोधाभास वाटत नाही, कारण चढ डोळ्यांना दिसतो. विमानाच्या वाटेवरही चढ-उतार आहेत, परंतु ते वाऱ्याचे असल्याने दिसत नाहीत.

आता पहिल्या उत्तराकडे वळू. मुंबईचा विमानतळ सुमारे १९.१ अंश उत्तर अक्षांशावर व ७२.९ अंश पूर्व रेखांशावर आहे. लंडनचा हीथ्रो विमानतळ सुमारे ५१.५ अंश उत्तर अक्षांशावर व शून्य रेखांशाच्या किंचित, म्हणजे अर्ध्या अंशाने, पश्चिमेस आहे. पृथ्वी गोल मानून तिच्या मध्यापासून या दोन बिंदूंकडे रेषा काढल्या तर त्यांच्यातील कोन सुमारे ६४.९ अंश भरतो. या दोन बिंदूंतून व पृथ्वीच्या मध्यातून जाणारी पातळी पृष्ठभागाला ज्या वर्तुळात छेदते त्याला बृहद्वृत्त म्हणतात, आणि त्या वर्तुळाचा लहान कंस हाच पृष्ठभागावरील सर्वांत जवळचा मार्ग होय. एक अंशाच्या साठाव्या भागाला, म्हणजे एका कलेला, पृष्ठभागावर जी लांबी येते ती सागरी मैल. आज ती १,८५२ मीटर अशी निश्चित केलेली आहे. ६४.९ अंशांच्या सुमारे ३,८९२ कला होतात, म्हणून अंतर ३,८९२ सागरी मैल किंवा सुमारे ७,२०० किलोमीटर. पृथ्वी ध्रुवांपाशी थोडी चपटी असल्यामुळे यात काही किलोमीटरांची दुरुस्ती होते, ती येथे महत्त्वाची नाही. वैमानिक आजही अंतर सागरी मैलांत मोजतात, ते जहाजांच्या रूढीपोटी असेल. पण हे माप मुळात कोनाचे आहे आणि गोल पृथ्वीवरील अंतर हा वस्तुतः कोनच असतो, ही त्यातील सोय दुर्लक्षिण्यासारखी नाही.

बृहद्वृत्ताची वाट नकाशावर पाहणाऱ्याला चमत्कारिक वाटते. मर्केटरच्या १५६९ च्या पद्धतीने काढलेल्या नकाशावर मुंबई व लंडन पट्टीने जोडली तर जी रेघ मिळते तिची दिशा प्रारंभापासून शेवटपर्यंत एकच असते, उत्तरेपासून पश्चिमेकडे सुमारे ६१ अंश. खलाशाला ही रेघ सोयीची, कारण होकायंत्राचा एकच कोन धरून जाता येते. परंतु तिची लांबी सुमारे ७,४०० किलोमीटर भरते, म्हणजे जवळच्या वाटेपेक्षा दोनशे किलोमीटर अधिक. उलट, बृहद्वृत्ताची वाट मुंबईहून निघताना उत्तरेपासून पश्चिमेकडे फक्त ४१ अंश कललेली असते, म्हणजे वायव्येच्याही जरा उत्तरेस. पुढे ती क्रमाक्रमाने पश्चिमेकडे वळत जाते आणि लंडनला पोचते तेव्हा जवळजवळ थेट पश्चिमेकडे जात असते. हेच उलट सांगावयाचे तर लंडनहून मुंबईस येण्याची सर्वांत जवळची वाट सरळ पूर्वेकडे निघते. मुंबई लंडनच्या दक्षिणेस ३२ अंशांवर असताना असे व्हावे, हे 'दिशा' या शब्दाच्या नेहमीच्या अर्थात बसत नाही. ज्याला आपण दिशा म्हणतो ती नकाशावरची दिशा असते.

ही रेघ मुंबईहून अरबी समुद्रावरून कराचीच्या आसपास जाते, पुढे इराण तिरपा ओलांडून कास्पियन समुद्राचा नैर्ऋत्य कोपरा, कॉकेशसचा प्रदेश, काळ्या समुद्राचा ईशान्य भाग, क्रिमिया, युक्रेन आणि मध्य युरोप यांवरून लंडनला पोचते. कराचीचा उल्लेख सहज आलेला नाही. इम्पीरियल एअरवेजने १९२९ मध्ये लंडन-कराची टपालसेवा सुरू केली तेव्हा त्या प्रवासास सात दिवस लागत आणि त्यात युरोपातील एक टप्पा चक्क आगगाडीने करावा लागे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू येथे टपाल आणले ते या सेवेला जोडूनच. भूमितीच्या दृष्टीने पाहता ही वाकडी वाट नव्हती. मुंबई-लंडन बृहद्वृत्ताचा तो पहिला तुकडाच होता. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून लंडनला निघाले ते मात्र कैरो व जिनीव्हा येथे थांबत गेले. एका दमात जाण्याइतके इंधन त्या काळच्या प्रवासी विमानात मावत नसे, म्हणून वाट सोयीच्या विमानतळांवरून वाकवावी लागे. मजलेची कल्पना तेव्हा अक्षरशः लागू होती.

आजची विमाने न थांबता जातात, तरीही ती बृहद्वृत्तावरून जातात असे समजणे चुकीचे ठरेल. खाली जमीन आहे, आणि जमिनीवर राज्ये आहेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवरील आकाश नागरी विमानांना बंद झाले, तेव्हा या रेघेचा एक मोठा भाग निरुपयोगी झाला व वाट दक्षिणेकडे वाकवावी लागली. फेब्रुवारी ते जुलै २०१९ या काळात पाकिस्तानने आपली हवाई हद्द वाहतुकीस बंद ठेवली होती. २४ एप्रिल २०२५ रोजी ती पुन्हा बंद झाली, पण या वेळी फक्त भारतीय विमानांना. मुंबईच्या विमानांना समुद्रावरून वळसा घेता येतो. दिल्लीच्या विमानांना तो फार लांब पडतो. येथे एक लक्षणीय परिणाम उद्भवतो. त्याच दिवशी, त्याच दोन विमानतळांमध्ये, ब्रिटिश विमानाचे 'अंतर' एक आणि भारतीय विमानाचे दुसरे! अर्थात बृहद्वृत्ताची लांबी बदललेली नाही. बदलली आहे ती प्रत्यक्ष उडालेल्या वाटेची लांबी, आणि ही पूर्वी उल्लेखिलेल्या निनावी राशींपैकी पहिली होय. तक्त्यातील अंतराच्या रकान्यात ती कधीच नसते. वेळेच्या रकान्यात मात्र ती न सांगता येऊन बसते.

दुसरी निनावी राशी अधिक सूक्ष्म आहे, आणि खरा घोळ तिच्याचमुळे होतो. विमान जमिनीवरून चालत नाही, हवेतून चालते. आणि हवा स्वतः चालत असते. पुराच्या नदीत नाव हाकणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. पाण्याच्या मानाने नावेचा वेग एक, काठाच्या मानाने दुसरा. विमानातील वेगमापक हवेच्या मानाने वेग सांगतो. विमानतळ मात्र काठावर आहे. म्हणून विमानाने हवेत कापलेले अंतर आणि जमिनीवर ओलांडलेले अंतर या दोन भिन्न राशी होत, आणि इंधन खर्च होते ते पहिलीच्या हिशेबाने. 'अंतर' या एकाच शब्दाने दोन्हींचा निर्देश होतो हे भाषेचे दारिद्र्य म्हणावे असे नाही. सामान्य माणसाला आजवर त्यांत फरक करण्याची गरजच पडली नव्हती.

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तेव्हा पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानाखाली लंडन आपणहून जवळ यावयास हवे, असा तर्क पुष्कळदा ऐकू येतो. तो टिकत नाही, कारण पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते. उलट, मध्य अक्षांशांत उंचावरची हवा पृथ्वीहूनही वेगाने पूर्वेकडे जात असते, त्यामुळे प्रत्यक्ष अनुभव या तर्काच्या नेमका विरुद्ध येतो. समजा, हवेच्या मानाने विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर आहे व वाटभर सरासरी ताशी १०० किलोमीटरचा पश्चिमवारा आहे. (हे आकडे केवळ हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत.) वारा नसता तर ७,२०० किलोमीटर जाण्यास आठ तास आणि येण्यास आठ तास, एकूण सोळा तास लागले असते. वाऱ्याविरुद्ध जाताना ताशी ८०० च्या हिशेबाने नऊ तास लागतात. वाऱ्याबरोबर येताना ताशी १,००० च्या हिशेबाने सात तास बारा मिनिटे लागतात. बेरीज सोळा तास बारा मिनिटे. जाताना जे गमावले ते येताना पुरतेपणी परत मिळाले नाही. याचे कारण असे की प्रतिकूल वाऱ्यात विमान अधिक वेळ राहते आणि अनुकूल वाऱ्यात कमी वेळ. वारा कोणत्याही दिशेचा असो, तो स्थिर असेल तर जाऊन-येऊन प्रवास त्याच्यामुळे लांबतोच.

हाच न्याय टोकाला नेला म्हणजे अधिक लांबची वाट अधिक लवकर संपते. एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाण्यासाठी अटलांटिकवरची वाट सोडून पॅसिफिकवरची वाट धरली. पहिली सुमारे १३,९०० किलोमीटरची, दुसरी सुमारे १५,३०० किलोमीटरची. तरीही वारा पाठीशी असल्यामुळे दुसऱ्या वाटेने प्रवास सुमारे साडेचौदा तासांत झाला व पहिलीच्या मानाने दोन तासांच्या आसपास वाचले. वेळ अंतरावरून काढता येते असे मानणाऱ्याने या उदाहरणाचा अवश्य विचार करावा.

उंचावरील या वाऱ्याच्या शोधाचा इतिहास भाषाभ्यासकाला दोन कारणांनी उद्बोधक आहे. जपानमधील तातेनो येथील वेधशाळेचे प्रमुख वासाबुरो ओइशी यांनी १९२० नंतरच्या दशकात फुगे सोडून उंचावरील वारे मोजले, तेव्हा हिवाळ्यात नऊ-दहा किलोमीटर उंचीवर ताशी दोनशे किलोमीटरांहून अधिक वेगाचा पश्चिमवारा त्यांना आढळला. हे निष्कर्ष सर्व जगाला वाचता यावेत म्हणून १९२६ मध्ये त्यांनी ते एस्परांतो भाषेत प्रसिद्ध केले. सर्वांसाठी निर्मिलेली भाषा बहुतेक कोणीच वाचत नव्हते, आणि जपानबाहेर त्या अहवालाकडे जवळजवळ कोणाचेच लक्ष गेले नाही. दुसरे म्हणजे, या वाऱ्याला नावही उशिराच मिळाले. १९३९ मध्ये हाइनरिख झाइलकोप्फ या जर्मन हवामानशास्त्रज्ञाने त्याला 'श्ट्रालश्ट्र्योमुंग' म्हणजे झोतप्रवाह असे म्हटले. इंग्रजीतील 'जेट स्ट्रीम' या शब्दाचा अर्थ तोच, आणि मराठीत 'जेट प्रवाह' असे अर्धे उसने रूप चालते. १९४४ मध्ये अमेरिकन बॉम्बफेकी विमाने जपानवर उंचावरून जाऊ लागली तेव्हा त्यांच्या वैमानिकांना या वाऱ्याचा अनपेक्षित प्रत्यय आला. जपान्यांनी तर त्याच वर्षाच्या अखेरीपासून त्याच्यावर सोडून स्फोटके बांधलेले हजारो फुगे अमेरिकेकडे पाठविले. म्हणजे वस्तू ज्ञात होती, परंतु ज्ञान सर्वत्र पोचले नव्हते.

ते न पोचल्याचा परिणाम २ ऑगस्ट १९४७ रोजी दक्षिण अमेरिकेत दिसला. ब्रिटिश साउथ अमेरिकन एअरवेजचे 'स्टार डस्ट' नावाचे विमान अकरा माणसे घेऊन ब्वेनोस आयरेसहून चिलीच्या सांतियागोकडे निघाले होते. मध्ये अँडीज पर्वत. हवा खराब असल्यामुळे विमान सुमारे चोवीस हजार फुटांवर चढले. खाली ढग, जमीन दिसत नाही. अशा स्थितीत वैमानिकापाशी एकच साधन उरते: किती वेळ गेला, वेग किती आहे, त्यावरून किती अंतर कापले असावे हा हिशेब. ५ वाजून ४१ मिनिटांनी सांतियागोच्या तारायंत्रावर संदेश आला की विमान ५.४५ ला पोचेल. म्हणजे चार मिनिटांत. संदेशाच्या शेवटी 'स्टेन्डेक' असा एक अगम्य शब्द होता. तारायंत्र्याने पुन्हा विचारले तेव्हा तोच शब्द आणखी दोनदा आला. पुढे काही ऐकू आले नाही. अवशेष सापडले ते पन्नास वर्षांनंतर, तुपुंगातो शिखराच्या हिमनदीतून ते बाहेर येऊ लागले तेव्हा. आणि २००० मध्ये अर्जेंटिनाच्या लष्करी तुकडीने तेथे जाऊन ते तपासले. जागा सांतियागोपासून सुमारे ऐंशी किलोमीटर पूर्वेस, म्हणजे पर्वताच्या अलीकडेच.

चार मिनिटे आणि ऐंशी किलोमीटर यांचा मेळ कसा घालावयाचा? सर्वांत संभाव्य मानले गेलेले स्पष्टीकरण असे की त्या उंचीवर विमान समोरून येणाऱ्या जेट प्रवाहात शिरले होते. हवेच्या मानाने ते अपेक्षेइतकेच अंतर कापत होते. जमिनीच्या मानाने पुष्कळ कमी. पर्वत मागे पडला या समजुतीने ते ढगांतून खाली उतरू लागले, आणि पर्वत पुढेच होता. चौकशीत वैमानिकाला दोषी धरले गेले नाही. 'स्टेन्डेक' या शब्दाचा अर्थ लावण्याचे शेकडो प्रयत्न झाले आहेत आणि त्यांपैकी एकही सर्वमान्य नाही. कोड्याचे आकर्षण समजण्यासारखे आहे. परंतु त्या संदेशातील खरा चुकीचा शब्द 'स्टेन्डेक' हा नसून '५.४५' हा होता. तो सर्वांना कळला, आणि कळल्यामुळेच त्याबद्दल कोणी प्रश्न विचारला नाही.

आजच्या विमानाला उपग्रहांवरून आपले स्थान मिळते व वाऱ्याचा अंदाज आगाऊ मिळतो, तेव्हा असा घोटाळा त्या स्वरूपात होत नाही. वारा मात्र आहेच. वेळापत्रकांत मुंबईहून लंडनला सुमारे दहा तास व परत येताना सुमारे नऊ तास दिलेले असतात, त्यातील फरक प्रामुख्याने वाऱ्याचा. हा फरकही वर्षभर सारखा राहत नाही. हिवाळ्यात पश्चिमेचा जेट प्रवाह उत्तर भारतावर उतरून येतो. पावसाळ्यात तो हिमालयापलीकडे सरकतो आणि दक्षिण भारतावर त्याच्या उलट, पूर्वेकडून वाहणारा जेट प्रवाह असतो. या पूर्ववाऱ्याचे विवेचन १९५८ मध्ये पी. कोटेश्वरम् या भारतीय हवामानशास्त्रज्ञाने केले.

तिसरी राशी घड्याळाची. समजा, हिवाळ्यात एक विमान मुंबईहून सकाळी ७ वाजता निघाले व दहा तासांनी लंडनला पोचले. लंडनच्या घड्याळात ११.३० वाजलेले असतील, कारण भारतीय प्रमाणवेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. तिकिटावरील दोन आकड्यांची वजाबाकी केली तर प्रवास साडेचार तासांचा दिसतो. तेच विमान दुपारी १ वाजता परत निघून नऊ तासांनी मुंबईस आले तर येथे पहाटेचे ३.३० झालेले असतात; वजाबाकीने साडेचौदा तास. उन्हाळ्यात लंडनची घड्याळे एक तास पुढे जातात व हे आकडे पुन्हा बदलतात. मात्र साडेचार आणि साडेचौदा यांची बेरीज एकोणीसच होते, आणि दहा व नऊ यांचीही एकोणीसच. घड्याळाने जाताना दिलेले साडेपाच तास तो येताना मिनिटामिनिटाने वसूल करतो. वाऱ्याचे तसे नाही, हे वर पाहिलेच. घड्याळाचा फरक हा संकेत आहे व वाऱ्याचा फरक ही घटना आहे. संकेत परतीच्या प्रवासात फिटतो, घटना फिटत नाही. संकेत किती सैल असू शकतो याचे उदाहरण मुंबईतच होते. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये लागू झाल्यानंतरही तिच्या ३९ मिनिटे मागे असलेली 'मुंबई वेळ' येथे स्वातंत्र्योत्तर काळातही टिकून होती. 'मलबार प्रिन्सेस' निघाले तेव्हा ते किती वाजता निघाले या प्रश्नाला मुंबई शहरातच दोन उत्तरे होती.

राहता राहिला 'प्रवासकाल' हा शब्द. विमान कंपनी जो काल छापते तो हवेत असण्याचा काल नव्हे. चाकांखालचे ठोकळे काढून विमान हलले तेथपासून ते दुसऱ्या विमानतळावर थांबून ठोकळे लागले तेथपर्यंतचा तो काल. इंग्रजीत त्याला 'ब्लॉक टाइम' हेच नाव आहे. धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणे त्यात आले, आणि हीथ्रोजवळ उतरण्याची पाळी येईपर्यंत ठराविक चार ठिकाणांपैकी एका ठिकाणी घातलेल्या घिरट्याही त्यात आल्या. शिवाय विमान उशिरा पोचले असे होऊ नये म्हणून कंपन्या त्यात थोडी भर घालून ठेवतात, त्यामुळे उशिरा निघालेले विमानही कधी कधी 'वेळेवर' पोचते. तक्ते करणाऱ्यांपैकी कित्येकजण याच्या अगदी उलट पद्धत अवलंबितात. बृहद्वृत्ताची लांबी एका ठराविक वेगाने भागावयाची, चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवावयाचा, आणि आलेला आकडा 'उड्डाणाचा काल' म्हणून छापावयाचा. असा तक्ता ओळखण्याची खूण सोपी आहे: त्यात मुंबई-लंडन आणि लंडन-मुंबई यांचे काल तंतोतंत सारखे असतात. अंतर सममित आहे म्हणून काल सममित धरला गेला. 'दोन कोसांवर' आणि 'दोन दिवसांवर' या दोन वाक्यांतील भेद पुसून टाकला, की हेच होते.

बोलींच्या अभ्यासात हा भेद केवळ तात्त्विक राहत नाही. दोन गावांच्या बोलींतील भिन्नता त्या गावांमधील अंतराबरोबर वाढते असे म्हणताना अंतर नकाशावर पट्टीने मोजण्याची सवय सार्वत्रिक आहे, ती सोपी आहे म्हणून. शार्लोट गुस्कन्स यांनी नॉर्वेतील बोलींसंबंधी ही सवय तपासून पाहिली. तो देश डोंगरांनी आणि आत घुसलेल्या समुद्राच्या फाट्यांनी तुटलेला. समोर दिसणारे गावही पूर्वी दिवसभराच्या वाटेवर असे. त्यांना असे आढळले की बोलींमधील भिन्नतेशी सरळ रेषेतील अंतरापेक्षा प्रवासाची वेळ अधिक जुळते, आणि तीही आजची वेळ नव्हे, १९०० च्या सुमारास त्या गावाहून या गावी जावयास जी वेळ लागत असे ती. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांच्या गावांचे नकाशे पुढे घेऊन बसणाऱ्या मराठीच्या अभ्यासकालाही पट्टी ठेवण्यापूर्वी हेच विचारावे लागेल की त्या दोन गावांमधील माणसे कोणत्या काळात, कशाने आणि चढून की उतरून एकमेकांकडे जात होती.